फेअर ट्रेडच्या शिक्क्याचे जास्तीचे पैसे कॉफी शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात का?

विचारलेला प्रश्न असा: "फेअर ट्रेडचा शिक्का असलेली कॉफी साध्या कॉफीपेक्षा बरीच महाग पडते. गेली दोन वर्षं मी तीच घेतोय. हे जास्तीचे पैसे शेतकऱ्याला मिळतात की मधल्यामध्येच जिरतात? जिरत असतील तर 'आम्ही थेट शेतकऱ्याकडून घेतो' म्हणणाऱ्या रोस्टरची कॉफी घेतलेली बरी नाही का?"

मी चौदा वर्षं हिरव्या कॉफीच्या खरेदीत आहे. हिरवी म्हणजे न भाजलेली, पोत्यांतून येणारी. ती भाजून विकणारा तो रोस्टर. शिक्क्याची कॉफी घेतली आहे, बिनशिक्क्याची घेतली आहे, आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या गोदामांत बसून त्यांच्या वह्याही चाळल्या आहेत. त्यावरून जे कळलं ते सांगते.

फेअर ट्रेड म्हणजे शेतकऱ्यांच्या संस्थेला किमान दर आणि त्यावर ठरलेली जादा रक्कम द्यायची, अशी अट असलेलं प्रमाणपत्र. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. माझ्या खिशातून गेलेल्या जादा रकमेतलं किती तिकडे पोहोचतं, हा एक. आणि त्या शिक्क्यामुळे शेतकऱ्याचं भलं होतं का, हा दुसरा. लोक पहिल्याचं उत्तर ऐकतात आणि दुसऱ्याचा निकाल लावून मोकळे होतात. पहिल्याचं उत्तर ऐकून तुम्ही खट्टू व्हाल, म्हणून तेच आधी उरकते.

भाजताना कॉफीचं वजन साधारण १५ ते २० टक्के घटतं. म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटासाठी ३०० ग्रॅमच्या आसपास हिरवी कॉफी लागते, पौंडाच्या हिशेबात ०.६६ पौंड. फेअर ट्रेडच्या नियमाप्रमाणे खरेदीदाराला दराव्यतिरिक्त पौंडाला २० सेंट प्रीमियम द्यावा लागतो. गुणाकार करा, पाकिटामागे १३ सेंट होतात. एका कपाला १५ ग्रॅम पूड धरली तर कपामागे पुरता एक सेंटही भरत नाही. बाजारभाव चढा असतो तेव्हा शिक्क्यामुळे शेतकऱ्यांच्या संस्थेकडे जाणारी जादा रक्कम एवढीच असते.

मग दुकानात दिसणारा एवढा मोठा फरक कशाचा? रोस्टर शिक्का वापरण्याचं परवाना शुल्क भरतो. ती कॉफी वेगळी साठवावी लागते, वेगळी भाजावी लागते, तिचे कागद वेगळे ठेवावे लागतात. त्यातून आयातदार, रोस्टर, वितरक, दुकानदार असा प्रत्येक जण आपला नफा टक्केवारीत लावतो, त्यामुळे सुरुवातीचे १३ सेंट शेवटच्या फळीवर येईपर्यंत फुगलेले असतात. आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. शिक्क्याची कॉफी पुष्कळदा सेंद्रियही असते आणि वरच्या प्रतीचीही असते. तिची तुलना आपण सगळ्यात स्वस्त पाकिटाशी करतो आणि सगळा फरक शिक्क्याच्या नावावर मांडतो.

तर हो, तुम्ही भरता त्या फरकातला बराचसा भाग मध्येच राहतो. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

आता दुसरा प्रश्न. तो समजायला शिक्का कशासाठी जन्माला आला हे बघावं लागतं.

कॉफीचा दर पिकवणारा ठरवत नाही. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात निघतो, रोबस्टाचा लंडनच्या. डोंगरातल्या हेक्टरभर जमिनीच्या मालकाला तो सकाळी रेडिओवर किंवा फोनवर कळतो. हे पीक हटवादी आहे. रोप लावल्यावर फळ धरायला तीन-चार वर्षं जातात. ब्राझीलमध्ये कडाक्याचं हिम पडून बागा करपल्या, जसं १९७५ मध्ये झालं, की भाव भडकतात, जगभर लागवडी होतात, आणि ती सगळी झाडं एकदम फळाला येतात तेव्हा भाव कोसळलेला असतो. ज्वारी-मक्यासारखं यंदा नको म्हणून सोडून देता येत नाही. झाड उभं आहे, ते फळणार, ते तोडावंच लागणार.

१९६२ पासून देशादेशांत एक आंतरराष्ट्रीय कॉफी करार होता. कोणी किती कॉफी निर्यात करायची याचे कोटे ठरवून तो भावाला आधार द्यायचा. जुलै १९८९ मध्ये ही कोटापद्धत मोडली आणि काही महिन्यांत भाव निम्म्यावर आले. त्याच्या थोडंच आधी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हॅवेलार' या नावाने पहिला फेअर ट्रेड शिक्का बाजारात आला होता. मेक्सिकोच्या ओहाका राज्यात तिथल्या आदिवासी कॉफी उत्पादकांबरोबर राहून काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ आणि त्यांचे सहकारी निको रोझन यांनी तो सुरू केला. शेतकऱ्यांची मागणी साधी होती. आम्हाला मदत नको, आमच्या कॉफीला परवडेल असा दर द्या. १९९७ मध्ये वेगवेगळ्या देशांतले असे शिक्के एका आंतरराष्ट्रीय संघटनेखाली आले, तीच आजची फेअरट्रेड इंटरनॅशनल.

शिक्क्याचा गाभा हा हमीभाव आहे. आज धुतलेल्या, म्हणजे फळाचा गर धुऊन काढून मग वाळवलेल्या, अरेबिकाचा किमान दर पौंडाला १.८० डॉलर आहे. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत तो १.४० होता. सेंद्रिय असेल तर वर ४० सेंट. बाजार किमान दराच्या खाली गेला तरी खरेदीदाराने किमान दर द्यायचा. बाजार वर असेल तर बाजारभाव द्यायचा. प्रीमियमचे २० सेंट दोन्ही वेळी वेगळे.

हे वर्षांवर मांडून पाहिलं की अर्थ लागतो. २००१ मध्ये बाजार पौंडाला ५० सेंटांच्याही खाली गेला. त्या वेळी मध्य अमेरिकेतल्या धुतलेल्या अरेबिकाचा फेअर ट्रेड दर प्रीमियम धरून १.२६ डॉलर होता, म्हणजे अडीचपट. २०११ मध्ये बाजारच ३ डॉलरला टेकला, तेव्हा हमीभाव नुसता कागदावर होता. २०१९ मध्ये बाजार ९० सेंटांखाली घसरला आणि १.४० चा हमीभाव पुन्हा जिवंत झाला. २०२५ च्या सुरुवातीला बाजार ४ डॉलरच्या वर, हमीभाव पुन्हा झोपलेला. तुम्ही विचारता "यंदा शिक्क्याने शेतकऱ्याला काय दिलं", तर उत्तर वर्षावर अवलंबून आहे. विम्याचा हप्ता भरून यंदा काही झालं नाही म्हणून पैसे वाया गेले असं आपण म्हणत नाही. बाजार १ डॉलरवर असला तर १.८० अधिक २० सेंट, म्हणजे पौंडामागे पूर्ण १ डॉलर जादा मिळतो, आणि तुमच्या त्याच पाकिटातले १३ सेंट ६६ सेंट होतात.

दराइतकीच महत्त्वाची आणि कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे उचल. तोडणीच्या हंगामात मजुरांना दर आठवड्याला रोख मजुरी द्यावी लागते. संस्थेकडे तेव्हा पैसे नसतात, कारण कॉफी जहाजावर चढून कागद बँकेत गेल्याशिवाय बिल निघत नाही. या फटीत गावचा व्यापारी शिरतो. मध्य अमेरिकेत त्याला 'कोयोते' म्हणतात. तो फळं लागायच्या आधीच पैसे देतो आणि दरही तोच ठरवतो. फेअर ट्रेडच्या नियमांत संस्थेने मागणी केली तर करारमूल्याच्या ६० टक्क्यांपर्यंत उचल मिळण्याची तरतूद आहे. ती बिनव्याजी नसते आणि प्रत्येक खरेदीदार आनंदाने देतो असंही नाही. पण जिथे ती वेळेवर मिळाली तिथे शेतकरी कोयोतेच्या दारात गेला नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

प्रीमियमचं काय होतं तेही एकदा जवळून बघा, कारण "२० सेंटांनी काय होणार" असं सगळेच म्हणतात. एका कंटेनरमध्ये ६९ किलोची २७५ पोती बसतात, म्हणजे १९ टनांच्या आसपास, ४२ हजार पौंडांना थोडी कमी. त्याचा प्रीमियम ८,४०० डॉलरच्या घरात जातो. हा पैसा शेतकऱ्याच्या खात्यात परस्पर जमा होत नाही. तो संस्थेकडे येतो आणि त्याचं काय करायचं हे सर्वसाधारण सभेत मतदानाने ठरतं. २०११ मध्ये प्रीमियम १० वरून २० सेंटांवर नेला, तेव्हा त्यातले किमान ५ सेंट उत्पादकता आणि गुणवत्ता सुधारण्यावरच खर्च करायचे असंही ठरलं.

होंडुरासच्या डोंगरभागातल्या एका संस्थेच्या अशा सभेला मी पाहुणी म्हणून बसले होते. पत्र्याचं छप्पर, मागच्या भिंतीला रिकाम्या पोत्यांची थप्पी, पुढे खजिनदार फळ्यावर खडूने आकडे मांडत होता. त्या वर्षी शिक्क्यासह सहा कंटेनर गेले होते, म्हणजे ५० हजार डॉलर. दोनशेहून थोडे जास्त सभासद. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, वाटून टाका, माझ्याकडे औषधाचं देणं थकलंय. वाटले असते तर प्रत्येकाला अडीचशे डॉलरही आले नसते, पण थकलेलं देणं फिटलं असतं, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढावं असं त्यात काही नव्हतं. मग एक बाई उठल्या. गेल्या हंगामात सुकवायला पसरलेली कॉफी दोनदा पावसात सापडली, बुरशी धरली, आणि संस्थेने ती नाकारली. आपल्याला वरून प्लॅस्टिकचं छप्पर असलेले वाळवणीचे मांडव हवेत, असं त्या सांगत होत्या. चर्चा दुपारी जेवणानंतरही चालली. शेवटी हात वर करून मोजणी झाली. मोठा हिस्सा मांडवांना, थोडा रोख वाटपाला.

पुढच्या वर्षी त्या संस्थेचा नमुना माझ्या टेबलावर आला. ३५० ग्रॅम दाणे काळ्या ताटात पसरून डागी दाणे वेचायचे, ही आमची नेहमीची पद्धत. आदल्या वर्षी मला त्यात काळे, कुबट वासाचे दाणे चिमटीने काढावे लागले होते. या वेळी ताट जवळजवळ स्वच्छ होतं आणि ओलावा मापकावर ११ ते १२ टक्क्यांच्या मध्ये स्थिर होता. त्या लॉटला मी बाजारापेक्षा जास्त दर देऊ शकले, आणि तो दर शिक्क्यामुळे मिळाला नाही, मांडवांमुळे मिळाला. वाटून टाकले असते तर अडीचशे डॉलर महिन्याभरात संपले असते. प्रीमियमचा फायदा मोजायचा तर असा, दोन-चार वर्षांच्या अंतराने मोजावा लागतो.

आता उणी बाजू. ती मी लपवणार नाही, कारण तुमच्यासारखा जाणून घेऊन विकत घेणारा माणूसच ती दुरुस्त करू शकतो.

सगळ्यात मोठी अडचण ही की प्रमाणित संस्था आपली सगळी कॉफी शिक्क्यासह विकू शकत नाहीत. तेवढं गिऱ्हाईकच नाही. जगभरात प्रमाणित शेतकऱ्यांनी पिकवलेल्या कॉफीपैकी निम्म्याहून कमी कॉफी फेअर ट्रेडच्या अटींवर विकली जाते. २०१९ मध्ये एका गोदामात मी दोन थप्प्या शेजारी शेजारी पाहिल्या. पोत्यांवर शेतकऱ्यांचे तेच सांकेतिक क्रमांक, तीच झाडं, तोच हंगाम. एका थप्पीची कॉफी १.४० अधिक २० सेंटांनी जाणार होती आणि दुसरी बाजारभावाने, पौंडाला डॉलरच्याही खाली. व्यवस्थापकाला मी विचारलं, कुठलं पोतं कुठल्या थप्पीत हे कसं ठरवता? ते म्हणाले, ठरवत नाही, दोन्हीचे पैसे एकत्र करतो आणि सरासरी काढून सगळ्यांना वाटतो. म्हणजे १.४० चा हमीभाव त्या शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत हमीभाव राहिलेलाच नव्हता.

ग्वाटेमालातल्या सहकारी संस्थांच्या नोंदींवर अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेच आकड्यांनी मांडलं आहे. बाजार पडला की शिक्का किफायतशीर होतो, म्हणून आणखी संस्था प्रमाणपत्र घेतात, मागणी मात्र तेवढीच राहते, आणि प्रत्येकीचा वाटा कमी होतो. प्रमाणपत्राचा आणि ऑडिटचा खर्च मात्र सगळ्या कॉफीवर पडतो. तो वजा जाता सरासरी फायदा फारच थोडा उरतो. मला हा निष्कर्ष पटतो. त्यावरून काही जण "म्हणून शिक्का निरुपयोगी" म्हणतात, ते मात्र पटत नाही. हमीभाव चालतो, तो पुरेशा पोत्यांना लागू होत नाही, हा यातला दोष आहे. आणि किती पोत्यांना लागू व्हावा हे शेवटी गिऱ्हाईक ठरवतं.

याचाच एक जोडपरिणाम आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. संस्थेकडे काही उत्तम आणि काही मध्यम लॉट असतील, तर उत्तम लॉट चवीला जादा पैसे मोजणाऱ्या रोस्टरला जातो, कारण हमीभाव दोन्ही लॉटना सारखाच. मध्यम लॉट शिक्क्याखाली जातो. "फेअर ट्रेडची कॉफी चवीला यथातथाच" हा समज यातून आला. शिक्का चवीबद्दल काहीच सांगत नाही, चांगलं किंवा वाईट.

पुढचा गैरसमज दराबद्दलचा. ते १.८० डॉलर शेतकऱ्याच्या हातात येत नाहीत. तो बंदरात जहाजावर चढवलेल्या कॉफीचा दर आहे आणि तो संस्थेला मिळतो. त्यातून साल काढण्याचा, प्रतवारीचा, पोत्यांचा, बंदरापर्यंतच्या वाहतुकीचा, कर्जाच्या व्याजाचा, कार्यालयाचा खर्च जातो. शेतकऱ्याच्या पावतीवर कॉफी घातली त्या दिवशीची पहिली रक्कम दिसते आणि हंगाम संपल्यावर हिशेब होऊन आलेला दुसरा हप्ता. मी कुठल्याही संस्थेत गेले की आधी या पावत्या मागते. नीट चालवलेली संस्था निर्यात दराचा मोठा हिस्सा सभासदापर्यंत नेते. कर्जात रुतलेली किंवा दोन-चार घरांच्या मुठीत गेलेली संस्था नेत नाही, तिच्या भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं असलं तरी. ऑडिटर कागद तपासतो, सभेचं इतिवृत्त तपासतो. पण सभेत माणसं खरंच बोलली का हे कागदावरून सगळं कळत नाही.

आणि भाव भडकतो तेव्हाची गोष्ट तर वेगळीच. बाहेरून वाटतं शेतकऱ्यांची चंगळ असेल. संस्थेने सहा महिन्यांपूर्वी एका दराने करार केलेला असतो, हंगामात बाजार त्याच्या कितीतरी वर जातो, आणि कोयोते दारात रोख घेऊन उभा राहतो. सभासद त्याला कॉफी घालतो. मी त्याला दोष देत नाही, चार वाईट वर्षांचं कर्ज त्याला एका हंगामात फेडायचं असतं. पण संस्थेकडे करारापुरती कॉफी जमत नाही, तिला दंड बसतो किंवा बाजारातून महाग घेऊन पुरवठा करावा लागतो. या काळात हमीभाव काही कामाचा नसतो. कामाला येतो तो फक्त संबंध. एका वर्षी आम्ही एका संस्थेशी केलेला करार पुन्हा उघडला आणि दर वाढवून दिला, कायद्याने बांधील नसताना. आतल्या बैठकीत मला त्यासाठी बरंच भांडावं लागलं. पुढच्या हंगामात त्या संस्थेने आम्हाला पूर्ण माल दिला, एक पोतं कमी नाही.

मजुरांचं सांगितल्याशिवाय पुढे जाणं योग्य नाही. फेअरट्रेड इंटरनॅशनलच्या नियमांप्रमाणे कॉफीचा शिक्का फक्त लहान शेतकऱ्यांच्या संस्थांना मिळतो, मोठ्या मळ्यांना नाही. पण लहान शेतकरीही तोडणीला माणसं लावतो, आणि त्या माणसांना ना सभेत मत, ना प्रीमियममध्ये वाटा. लंडनच्या सोआस विद्यापीठाच्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडात काम करून २०१४ मध्ये दिलेल्या अहवालात, फेअर ट्रेडच्या भागांतल्या मजुरांची स्थिती इतर ठिकाणांपेक्षा चांगली आढळली नाही असं म्हटलं होतं. संघटनेने त्या तुलनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. माझ्यापुरतं सांगायचं तर, दर सुधारला की तोडणीची मजुरीही सुधारते हे गृहीत धरू नये, विचारावं लागतं.

शिक्के कुठले कुठले, हा गोंधळही थोडा सोडवते. हिरवा-निळा-काळा, हात उंचावलेली आकृती असलेला तो फेअरट्रेड इंटरनॅशनलचा. या संघटनेत आता निम्मी मतं उत्पादकांच्या संघटनांकडे आहेत, ही मला मोठी गोष्ट वाटते. फेअर ट्रेड यूएसए २०११ मध्ये तिच्यातून बाहेर पडली, कारण तिला मोठे मळे आणि कुठल्याच संस्थेत नसलेले शेतकरीही प्रमाणित करायचे होते. तिचा शिक्का वेगळा आहे. रेनफॉरेस्ट अलायन्स म्हणजे बेडकाचा शिक्का. उट्झ नावाचा आणखी एक शिक्का २०१८ मध्ये त्यात विलीन झाला. त्यात जंगल, रसायनं, कामाच्या अटी यांवर भर आहे, पण किमान दर नाही. तो शिक्का वाईट नाही, पण तुमचा प्रश्न दराचा असेल तर त्याचं उत्तर तिथे मिळणार नाही. याशिवाय लॅटिन अमेरिकेतल्या लहान उत्पादकांनी २००६ मध्ये स्वतःचा एक शिक्का काढला, एसपीपी नावाचा. तो कमी दिसतो, पण दिसला तर जरूर घ्या.

आता तुमचा "थेट खरेदी"चा मुद्दा. ही पद्धत उत्तम असू शकते. मी स्वतः अशी खरेदी करते आणि त्यात शेतकऱ्याला हमीभावाच्या बऱ्याच वर दर मिळालेला पाहिला आहे. पण 'थेट खरेदी' या शब्दांना कुठलाही नियम नाही, तपासणारं कोणी नाही. वर्षातून एकदा जाऊन शेतकऱ्याबरोबर फोटो काढणारा आणि सगळा माल आयातदाराकडून बाजारभावाने उचलणाराही पाकिटावर तेच छापू शकतो. शिवाय थेट खरेदीवाला रोस्टर मुळात चांगल्या कॉफीच्या शोधात असतो. तो उंचावरच्या, रस्ता पोहोचलेल्या, चवीत चमक असलेल्या शेतकऱ्याकडे जातो. साध्या चवीची कॉफी पिकवणारा, दोन डोंगर पलीकडचा शेतकरी त्याच्या नजरेत येत नाही. त्याला संस्था आणि हमीभाव हाच आधार. उलट, जिथे संस्थाच नाही तिथल्या शेतकऱ्याला शिक्का मिळू शकत नाही, आणि सगळ्यात गरीब शेतकरी बहुधा तिथेच असतो. त्याच्यापर्यंत प्रामाणिक थेट खरेदीदार पोहोचला तर तो शिक्क्यापेक्षा मोठं काम करतो. म्हणून दोन्हींत एकच बरोबर असं मी म्हणणार नाही. शिक्का म्हणजे याच्या खाली जाणार नाही अशी तपासलेली मर्यादा. थेट खरेदी त्याच्या खूप वर जाऊ शकते, पण खाली जाण्यालाही तिला कोणी अडवत नाही.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? शिक्क्याची कॉफी सोडली नसती, निदान तिच्या जागी घेणार त्या कॉफीचा दर कळेपर्यंत तरी नाही. महिन्याला एकच पाकीट घेत असाल तरी ते शक्यतो एकाच रोस्टरचं, सलग घ्या. संस्थेला एका वर्षीची मोठी ऑर्डर आणि पुढच्या वर्षी शांतता नको असते, तिला दरवर्षी ठरलेली पोती हवी असतात, कारण त्या भरवशावर ती कर्ज काढते आणि मांडव उभारते. आणि रोस्टरला चार गोष्टी विचारा. कुठल्या संस्थेची कॉफी आहे? तिच्याकडून किती वर्षं घेताय? तुमच्या एकूण कॉफीपैकी किती शिक्क्यासह येते? बंदरातला दर काय दिलात? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं कुठलाही सरळ धंदा करणारा रोस्टर देऊ शकतो. चौथ्याचं उत्तर आता बरेच छोटे रोस्टर आपणहून छापतात, आणि जे देतात त्यांच्याकडे शिक्का नसला तरी मी त्यांच्याकडून घेईन. एकच पाकीट फळीवर ठेवून बाकी सगळा माल पडेल भावाने घेणारे मोठे ब्रँडही असतात, म्हणून तिसरा प्रश्न टाळू नका.

संस्थेचं नाव मिळालं की तपासायलाही जागा आहे. फेअरट्रेड इंटरनॅशनलसाठी ऑडिट करणाऱ्या फ्लोसर्टच्या संकेतस्थळावर नाव घालून त्या संस्थेचं प्रमाणपत्र चालू आहे की निलंबित, हे कोणालाही बघता येतं. तुमच्या पाकिटावर संस्थेचं नाव छापलेलं असेल तर इथे लिहा, मी त्यांच्याकडून कधी कॉफी घेतली असेल तर पावत्यांवर काय पाहिलं तेही सांगते.